पाच हजारांच्या आतली चोरी माफ झालेली नाही

सोलापुरातल्या व्यापाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी माफ झाली, पोलीस काही करत नाहीत; म्हणून चोर सापडला की दुकानातच कोंडा, फोटो ग्रुपवर टाका आणि वचक बसावा म्हणून केस शेवटपर्यंत लढवा, असं त्यात म्हटलंय.

माफ झाली, हे साफ खोटं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ बघा. माल पाच हजारांच्या आतला, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा किंमत परत केलेली, तर शिक्षा समाजसेवेची. दोषी ठरवूनच ती देतात. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष सक्तमजुरी. अशी छोटी चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास किंवा अटक करता येत नाही; म्हणून पोलीस एनसी, म्हणजे नुसती नोंद, घेतात, लगेच बेड्या घालत नाहीत.

कोंडून ठेवणं तर दुकानदारालाच महागात पडेल. सामान्य नागरिकाला दुसऱ्याला पकडता येतं ते दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात; ही छोटी चोरी त्यात बसत नाही. सहाशेच्या साडीसाठी बाईला गोदामात बसवून ठेवलं, तर डांबून ठेवल्याची तक्रार ती करू शकते.

आता ‘शेवटपर्यंत लढवा’. कोर्टाच्या परवानगीने तपास सुरू झाला की नवी पेठेतल्या दुकानातली ती साडी मुद्देमाल म्हणून सील होते. परत हवी तर कोर्टात अर्ज, सुपूर्तनामा (माल ताब्यात घेतल्याचं लेखी), बोलावल्यावर हजर करायची हमी. मग पंच, सीसीटीव्हीचं फुटेज, तारखा. काउंटरवरचा पोरगा साक्षीसाठी दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात, पगार मालकाचा. हवालदार, सरकारी वकील, न्यायाधीश यांचा वेळ आपल्या सगळ्यांच्या पैशातून जातो. आणि आरोपी बाई विडी कामगार असेल तर? तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. तारखेला गेली, विड्या वळल्या नाहीत, त्या दिवशी हातात काही नाही. पुढे कुठे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी लागली की तिथे ही केस आडवी येते. सहाशे रुपयांसाठी ही किंमत मला मान्य नाही. कलम ३०३ ची केस मालाच्या मालकाला तडजोडीने मिटवता येते, तो हक्क कायद्यानेच दिलाय. १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्यात चोरीच्या पहिल्या गुन्ह्याला समज देऊन सोडायचीही तरतूद आहे.

वचकही याने बसत नाही. माणूस थांबतो तो आपण सापडणारच या धास्तीने. शिक्षा किती, याचा हिशेब त्या क्षणी कोण करतो? ट्रायल रूमपाशी एक जागता माणूस ठेवा, पिशव्या काउंटरवर जमा करून घ्या.

फोटोची गोष्ट सोलापुरात तरी कुणी सुचवू नये. आपल्याच गावात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी अशा जमातींना जन्मानेच चोर ठरवलं, इथे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली. कायदा १९५२ साली गेला, पण आडनाव ऐकून गिऱ्हाइकाच्या मागे पोरगा लावायची सवय गेली नाही. कोर्टाने काही ठरवण्याआधीच असा फोटो गावभर गेला, तर निर्दोष ठरल्यावर तो परत कोण गोळा करणार? आणि फोटोतलं पोर अठराच्या आतलं असेल, तर त्याची ओळख उघड करणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.