वडाचं वय किती लावायचं?

नगराध्यक्ष झालात, अभिनंदन! हारतुरे वाळतात न वाळतात तोच तुमच्या टेबलावर एक फाईल येईल. वर लिहिलेलं असेल 'हवामान बदल'. घाबरू नका. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांसाठी बाराव्या अनुसूचीत १८ विषय ठेवले, त्यात पर्यावरण रक्षण आठवं आहे. चौथ्या क्रमांकावर रस्ते आणि पूल आहेत. बहुतेकांचा मुक्काम तिथंच लांबतो, आठव्यापर्यंत पोचायच्या आत मुदत संपते.

तर रस्त्यापासूनच सुरुवात करू. रुंदीकरणात एक जुना वड आडवा येईलच. शहरांतली झाडं जपण्याच्या राज्याच्या कायद्यात २०२१ ला झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज ठरतं, आणि झाड तोडलंच तर त्याचं जितकं वय तितकी रोपं लावून ती सात वर्षं सांभाळायची. म्हणून आधी वय नीट बघून घ्या. त्या पारावर तुमच्या आजोबांनी पत्ते कुटले असतील, पण आजोबांचा जबाब पंचनाम्याला लागत नाही. वडाकडे जन्मदाखला नसतो, आणि जन्ममृत्यूची नोंद तर आपल्याच कार्यालयात होते. ४९ लावलं की हेरिटेजची कटकट गेली. अर्थात ४९ रोपंही अंगावर येतातच, तेव्हा जमल्यास बारावर आणून ठेवा. बारा वर्षांच्या वडाला एवढ्या पारंब्या कशा, असं कुणी सभेत विचारलं तर सभा तहकूब करता येते.

लावलेल्या रोपांना जिओटॅग, म्हणजे नकाशावरच्या जागेची डिजिटल खूण लागते, त्याची धास्ती नको. तो जागा सांगतो; जागेवर रोप आहे की वाळकी काडी, हे सांगत नाही.

मग जैवविविधता. २००२ च्या कायद्याप्रमाणे समिती हवी आणि लोक जैवविविधता नोंदवहीही हवी, म्हणजे गावची झाडं, जनावरं आणि त्यांबद्दलचं लोकांचं ज्ञान टिपणारी वही. वर्षानुवर्षं ती कुणाला आठवली नव्हती. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, पुढं राज्यांना महिन्याला १० लाख भरावे लागतील असं बजावलं, आणि देशभर वह्या भराभर भरल्या. खरं तर वहीसाठी मेंढपाळाला, वैदूला, रानभाज्या विकणाऱ्या म्हातारीला गाठावं लागतं, तिन्ही ऋतू त्यांच्यामागं हिंडावं लागतं. तुम्हाला कुठला वेळ? निधी मार्चअखेर परत जातो. तेव्हा सल्लागार नेमा, तो दुसऱ्या गावाची वही घेऊन येईल. ते गाव कोकणातलं असलं तर फक्त तिवरं आणि खेकडे तेवढे खोडायला सांगा. दुष्काळी तालुक्यात तिवरं निघाली की उगाच चौकशी लागते.

२ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेलं 'माझी वसुंधरा' अभियान पंचमहाभूतांवर गुण देतं. भूमी, जल, वायू, अग्नी यांत कष्ट आहेत. आकाशाखाली जनजागृती येते, म्हणजे भिंती रंगवा, शपथा घ्या. मन लावा ते आकाशातच.

अभ्यासदौरा चुकवू नका. हिवरे बाजारला जा. तिथली ग्रामसभा पावसाचा हिशेब मांडून पाण्याचा ताळेबंद करते आणि त्यावरून पिकं ठरवते, शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही. ऐकताना मान डोलवा, पण लिहून घेऊ नका. लिहिलेलं पुढं कुणीतरी वाचतं. येताना शिर्डी करता येते.

राहिला ओढा. ओढा म्हणजे संधी! त्याचं सुशोभीकरण करा. दोन्ही काठांना भिंती घाला, तळालाही काँक्रीट टाका. जमिनीत जिरलेलं पाणी कुणाला दिसत नाही, त्याचं मोजमाप पुस्तिकेत कसं चढवणार? काँक्रीट घनमीटरमध्ये चढतं. पूररेषा आड आली तर ती नकाशावर एक रेघ आहे एवढं ध्यानात ठेवा, आणि रेघ आखणारा माणूसच असतो. काठावर पेव्हर ब्लॉक, मधोमध कारंजं. उन्हाळ्यात ओढा कोरडा पडेल, तेव्हा कारंज्यासाठी टँकरची निविदा वेळेत काढा.

पहिल्याच मोठ्या पावसात पाणी बाजारपेठेत शिरेल. हे अनपेक्षित होतं, असं म्हणायचं. गमबूट आदल्या दिवशीच आणून ठेवा, पाहणी सकाळी लवकर करा, उजेड चांगला असतो. पंचनाम्याचे छापील कागद नव्यानं मागवू नका. वडाच्या वेळचे उरले असतील.