डिसेंबर आला की डोकं फिरतं

नोकरी सांभाळून इग्नू या मुक्त विद्यापीठातून एमबीए करणाऱ्या प्राध्यापकांची सत्रांत परीक्षा डिसेंबरात. नेमकी तेव्हाच स्वतःच्या कॉलेजात विद्यापीठाची हिवाळी परीक्षा, म्हणजे पर्यवेक्षणाची ड्यूटी आणि पाठोपाठ पेपर तपासणी! ड्यूटी बदलायला अर्जासोबत हॉलतिकीट जोडा म्हणतात. ते येतं ऐन तोंडावर. तक्ता तर कधीचाच लागलेला असतो. मग स्वतःच बदली माणूस शोधा, त्याची सही घ्या, प्राचार्यांच्या केबिनबाहेर ताटकळा.

त्यात नागपुरात अधिवेशन. सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, सकाळच्या पेपरला तासभर आधी निघा. असाइनमेंटला ३० टक्के, पेपरला ७०. पेपर हुकला की थेट जून. जूनमध्ये काय? उन्हाळी परीक्षेची ड्यूटी! वर स्टाफरूममध्ये हमखास प्रश्न, “एमबीएनं पगार वाढते का बे?”