चीनला जाणाऱ्यांना घाबरवू नका

आज दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकूंनी साधं विचारलं, "आम्ही दोघं एप्रिलमध्ये चीनला जायचं म्हणतोय, कोणी जाऊन आलंय का?" लगेच झुरळांचे फोटो, वटवाघळाचं सूप, खी खी हसणारे चेहरे. काकूंनी मेसेजच डिलीट केला. मला प्रचंड राग आलाय.

काकू, तुम्ही खुशाल जा.

मी आईला चीनमधल्या शिआन शहरात नेलं होतं. आई माळकरी, तिला अंडंसुद्धा चालत नाही. एका गल्लीतल्या छोट्याशा नूडल्सच्या दुकानात शिरलो. मी फोनवरचं भाषांतर पुढे केलं, पण दुकानवाल्या आजींचं लक्ष आईच्या गळ्यातल्या तुळशीमाळेकडे. त्यांनी स्वतःच्या मनगटातली जपमाळ दाखवली, आईचा हात धरला आणि तिला थेट आत शेगडीपाशी नेलं. एकेका भांड्यावर बोट ठेवायचं आणि आईच्या चेहऱ्याकडे बघायचं. मांस? नको. अंडं? नको. पालेभाजी? चालेल. मग कढई घासून घेतली, कणीक ओट्यावर आपटत रुंद पट्ट्या ओढल्या, उकडल्या, वर लाल तिखट आणि लसूण घालून कडकडीत तेल ओतलं. चर्र आवाज झाला आणि आई म्हणाली, "अगं, ही तर आपली फोडणीच!"

आणि आपण इथे बसून झुरळांचे फोटो पाठवतो! लाज वाटत नाही?

त्या दुकानाजवळच दायान पॅगोडा, म्हणजे बौद्ध मनोरा, आहे. ह्युएन त्सांगने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला ६५२ साली तो बांधला. हा माणूस दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इथली माणसं मानी आहेत, उपकाराची जाण ठेवतात, असं लिहून गेला. आपल्याविषयी चांगलं लिहिणारा पाहुणा आपल्याला शाळेपासून पाठ असतो. त्याच्या गावी जायची वेळ आली की मात्र नाकं मुरडायची.

मान्य, शाकाहाऱ्यांना तिथे जपावं लागतं. शेंगांच्या साध्या भाजीतही खिमा निघू शकतो. म्हणून बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी हॉटेलं आधीच शोधून ठेवा. पण रोज दोन वेळा पंजाबी डाळ-रोटी आणि पळापळीत पाच शहरं, अशी सहल कशाला? आम्हालाही एका टूरवाल्याने तीच गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. तो नेणार होता का आईला त्या शेगडीपाशी?

तयारी मात्र नीट करा. व्हिसा लागतोच. अलीपे हे पैसे द्यायचं अ‍ॅप इथूनच फोनवर घेऊन कार्ड जोडा, तिथे भाजीवालासुद्धा कोड पुढे करतो. व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल तिथल्या वायफायवर चालत नाहीत, घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते काळजीने अर्धमेले होतील. रेल्वेचं तिकीट पासपोर्टवर मिळतं. बीजिंग ते शांघाय १,३१८ किलोमीटर, वेगवान गाडीने साधारण साडेचार तास. पिण्याचं गरम पाणी स्टेशनवर आणि गाडीतही मिळतं, बाटली जवळ ठेवा. निघताना त्या आजींनीही आईचा थर्मास न सांगता भरून दिला होता, दोन्ही हातांनी. तिथे वस्तू द्यायची रीतच तशी. आणि भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, ते मृताच्या नैवेद्यासारखं दिसतं. १ ऑक्टोबरच्या सुट्टीचा आठवडा आणि चिनी नववर्ष टाळा, अख्खा देश प्रवासात असतो.

"गलवान विसरलीस का?" असं कोणीतरी विचारणारच. नाही विसरले. आपले वीस जवान गेले, ते कसं विसरेन? सीमेवरचा राग माझ्याही मनात आहे. पण तो मी त्या आजींवर काढणार नाही.

काकू, एक विनंती. बीजिंगहून शिआनला रेल्वेने गेलात तर वाटेत शिजियाझुआंगला उतरा. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे आहेत. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं होतं, त्यात ते होते. आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरमध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी चीनमध्येच वारले. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगचा सण असतो, लोक पूर्वजांच्या समाध्या झाडून फुलं वाहतात. कोटणीसांच्या समाधीवरही वाहतात. ग्रुपवर हसणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

व्हिसाचा फॉर्म लांबलचक आणि कटकटीचा आहे. रविवारी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन येते, काकू, आपण मिळून भरू.