२५६ पायऱ्या पुरतात का? : ‘जुना डिमरवाला’ यांना उत्तर

नमस्कार काका,

मागच्या लेखात मी १६-बिटचे एलईडी दिवे घ्या म्हटलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘१६-बिट म्हणजे दिवे विकणाऱ्यांचा गाजावाजा. आम्ही केशवराव भोसले नाट्यगृहात वर्षानुवर्षं २५६ पायऱ्यांवर फेड केले, एकाला पायरी दिसली नाही. ऑपरेटरचा हात कच्चा आणि बोल डीएमएक्सला!’

शेवटचं लागलं, कारण हात माझाच होता. (नव्या वाचकांसाठी: फेड म्हणजे उजेड हळूहळू कमी-जास्त करणं, डीएमएक्स म्हणजे बूथमधून दिव्यांना आकडे धाडायची पद्धत. ८-बिटमध्ये उजेडाच्या २५६ पायऱ्या, १६-बिटमध्ये कितीतरी जास्त.)

पायऱ्या दिसल्या नाहीत हे खरं. पण ती कमाई हॅलोजनची. हजार वॉटच्या पारची (जुन्या हॅलोजन स्टेज-दिव्याची) तार तापायला-निवायला वेळ घेते. डिमरनं उडी मारली तरी तार आपली सावकाश मागून येते, पायरी घासून निघते. एलईडीला तेवढा दम नाही. आकडा बदलला की उजेड बदलला.

आता माझा फेड जिथं फसला, ती नाटकातली पहाट. सायक्लोरामा (रंगमंचामागचा आकाशाचा पडदा) पाच मिनिटांत शून्यावरून ३० टक्क्यांवर न्यायचा होता. दिग्दर्शकाला अंबाबाईच्या किरणोत्सवासारखं हवं होतं: किरण पायांवरून कमरेपर्यंत कधी आले ते कळूच नये. ८-बिटमध्ये ३० टक्के म्हणजे जेमतेम ७६ पायऱ्या. दर चार सेकंदांना एक हिसका. त्यातही वरचे हिसके कुणाला कळत नाहीत. २५० चं २५१ झालं तर फरक अर्धा टक्कासुद्धा नाही. पण साध्या लिनिअर कर्व्हवर (आकड्याच्याच प्रमाणात उजेड) १ चे २ झाले की उजेड थेट दुप्पट, आणि अंधारात बसलेला डोळा नेमका तिथंच तिखट असतो. पडद्यावर पहाट जिना चढत आली. तिसऱ्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं, ते मला बूथमध्ये ऐकू आलं.

१६-बिटमध्ये त्याच ३० टक्क्यांत साडेएकोणीस हजारांवर पायऱ्या मिळतात. पूर्ण ५१२ चॅनल (एकेका आकड्याची घरं) भरले तर डीएमएक्स सेकंदाला साधारण ४४ वेळाच निरोप धाडतं, म्हणजे पाच मिनिटांत तेरा हजारांच्या आसपास. तरी ७६ कुठं आणि हे कुठं!

‘१६-बिटचा दिवा घ्या, प्रश्न मिटला’ असं मी मागच्या लेखात लिहिलं, ते मात्र चुकलंच. दिवा १६-बिट मोडवर टाकून सॉफ्टवेअरमध्ये जुनंच प्रोफाइल (कुठल्या चॅनलवर काय, याची यादी) ठेवलं तर पुढचे चॅनल एकेक घर सरकतात. नंतर मी तेही करून बसलो. लालचा आकडा फाइन डिमरवर (१६-बिटच्या बारीक पायऱ्यांच्या चॅनलवर) गेला, हिरव्याचा लालवर. केशरी मागितला, काळपट लाल मिळाला. पायऱ्या होत्या तिथंच.

खर्चाचं तुमचं बरोबर. तीन सेकंदांच्या फेडला ८-बिट चालून जातं. बऱ्याच दिव्यांच्या मेनूत डिमर स्पीड असतो, तो ‘स्लो’ करा. दिवा हॅलोजनसारखा मागून येतो, फुकटात. फक्त ब्लॅकआउटला (एकदम अंधार करताना) उजेडाचं शेपूट राहतं, आणि विनोदी प्रवेशात ते फार खुपतं.

पुढच्या तालमीला दोन्ही दिवे एकाच भिंतीवर टाकतो. तुमचा जुना पार घेऊन या. फेडर तुमच्या हातात.