संगणकज्ञान : उत्तम

बायोडेटात माणूस दोन रकान्यांत बिनधास्त खोटं लिहितो : छंद आणि संगणक. छंदापुढे मी 'वाचन' लिहिलं होतं, त्याची चौकशी आजवर कुणी केली नाही. संगणकापुढे 'वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट : उत्तम' असं लिहिलं होतं. ते अकरा वर्षं माझ्या फाइलीत निपचित पडून राहिलं. मग एका सोमवारी साहेबांनी फाइल चाळली.

"तुमचं कॉम्प्युटरचं चांगलं आहे म्हणे," साहेब म्हणाले. (म्हणणारा मीच, अकरा वर्षांपूर्वीचा.) "नवीन मुलं आली आहेत. त्यांना ऑफिसातल्या सॉफ्टवेअरची ओळख करून द्या. शुक्रवारी, दोन तास. शेवटी सर्टिफिकेटही देऊन टाकू."

ओळख करून द्यायची तर आधी आपली असावी लागते. माझी आणि वर्डची ओळख जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याइतकी. रोज समोरासमोर येतो, 'काय, बरंय ना?' म्हणतो, पण आडनाव विचारायची वेळ कधी आलेली नाही. उघडायचं, टाइप करायचं, छापायचं. वरच्या पट्टीवरची निम्मी चित्रं मी आजवर दाबलेली नाहीत. न जाणो, काहीतरी सुरू व्हायचं आणि बंद करता यायचं नाही.

प्रशिक्षणाची टिपणं साहेबांनी गुगल डॉक्सवर करायला सांगितली, "म्हणजे मलाही बघता येईल." गुगलने २००६ साली अपस्टार्टल नावाची एक छोटी कंपनी विकत घेतली, तिच्या 'रायटली' या सॉफ्टवेअरमधून हे प्रकरण उभं राहिलं. एकाच कागदावर अनेकांनी एकाच वेळी लिहायचं, ही त्यातली सोय. सोय कुणाची, ते मला मंगळवारी कळलं. मी 'सदर सॉफ्टवेअर अत्यंत उपयुक्त' इथवर आलो होतो, तोच पानाच्या वरच्या बाजूला एक गुलाबी उभी रेघ उगवली. रेघेला साहेबांच्या नावाची चिठ्ठी. ती पहिल्या परिच्छेदातून सावकाश खाली सरकली आणि माझ्या रेघेच्या मागे दोन शब्दांवर येऊन थांबली. खरेखुरे साहेब पाठीशी उभे असले की निदान चपलांचा आवाज तरी येतो. मी 'उपयुक्त' खोडून 'उपयोगी' केलं. रेघ ढिम्म. मी 'उपयोगी' खोडून पुन्हा 'उपयुक्त' केलं. रेघ नाहीशी झाली. पसंत पडलं म्हणून गेली की कंटाळून, हे अजून कळलेलं नाही. मी मात्र त्या एका शब्दाशी चार मिनिटं झोंबत होतो, हे आवृत्त्यांच्या इतिहासात वेळेसकट नोंदलं गेलं असणार.

शुक्रवार उजाडला. नवीन मुलं एकवीस आणि बाविसावे आमच्या आवक-जावकचे काका. काकांच्या निवृत्तीला आठ महिने उरलेले. नोकरीला लागले ते टाइपरायटरवर. "मलाही बसायला सांगितलंय," असं म्हणून ते पहिल्या रांगेत बसले आणि त्यांनी वही काढली. पहिल्या रांगेत वही घेऊन बसलेला ज्येष्ठ माणूस ही कुठल्याही वक्त्याची सगळ्यात वाईट परीक्षा असते.

सुरुवात वर्डपासून. हे १९८३ सालचं सॉफ्टवेअर आहे; पत्र, अहवाल, टिपणी, जे जे म्हणून मजकुराचं, ते याच्यात करावं, असं सांगून मी आदर्श नमुना म्हणून माझंच एक पत्रक पडद्यावर लावलं. शीर्षक मधोमध, परिच्छेद सुबक. एका मुलीने विचारलं, "सर, ते वर उलट्या पीसारखं बटण आहे, त्याने काय होतं?"

"ते आपल्या कामाचं नाही," असं म्हणून, ते किती बिनकामाचं आहे हे दाखवायला मी ते दाबलं.

पानभर मुंग्या झाल्या. त्या बटणाचं काम एवढंच, की एरवी न दिसणाऱ्या खुणा दाखवायच्या. स्पेसबार जितक्या वेळा दाबला असेल तितके ठिपके दिसतात, आणि जिथे जिथे एंटर मारला असेल तिथे तिथे ते उलटं पी उभं राहतं. माझ्या शीर्षकाच्या डाव्या अंगाला ठिपक्यांची लांबच लांब रांग होती. पहिल्या पानाचा मजकूर संपून दुसरं पान सुरू होईपर्यंत उलटे पी एकाखाली एक, कवायतीला उभे केल्यासारखे. अनुक्रमणिकेत तर प्रकरणाच्या नावापासून पान क्रमांकापर्यंतची टिंबं मी हाताने दिली होती, एकेक करून. वर्गात शांतता.

काका चष्मा वर करून पडद्याकडे बघत होते. "टाइपरायटरवर मथळा मध्ये आणायचा तर आम्ही कागद धरणारी गाडी मधोमध आणायचो," ते म्हणाले, "आणि दर दोन अक्षरांना एक, असं मागे यायचो. मोजून. तुम्ही मोजलेलं दिसत नाही. नुसतं ढकललंय."

मोजायचीही गरज नव्हती म्हणा. कंट्रोल आणि ई दाबलं की ओळ मधोमध जाते. कंट्रोल आणि एंटर दाबलं की नवं पान मिळतं, आणि वर चार ओळी घातल्या तरी ते जागचं हलत नाही. शीर्षकांना 'हेडिंग'ची स्टाइल दिली तर अनुक्रमणिका टिंबांसकट वर्ड स्वतः करतं, पानं बदलली तर आकडेही बदलून देतं. हे सगळं मला पाठीमागे बसलेल्या एका मुलाने सांगितलं. मी "बरोबर, तेच सांगणार होतो" म्हटलं. टॅब मात्र काकांनी समजावला : मूळचा टॅब्युलेटर, आकड्यांचे रकाने सरळ यावेत म्हणून यंत्राला लावलेले थांबे. आणि मी ते बटण आजवर एका चौकटीतून दुसरीत उडी मारायला तेवढं वापरत होतो.

एक्सेलची माझी तयारी जरा बरी होती. डॅन ब्रिकलिन हार्वर्डला व्यवस्थापन शिकत होता. तिथे प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडायचे आणि एक आकडा चुकला की त्याच्यापुढचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे. ते पाहून त्याला वाटलं, एक बदलला की बाकीचे आपले आपण बदलणारा फळा हवा. मग बॉब फ्रँकस्टनच्या साथीने त्याने १९७९ साली व्हिजिकॅल्क आणलं. एक्सेल १९८५ सालचं, त्याच घराण्यातलं. मुलांना गोष्ट आवडली. मी फुशारलो आणि हजेरीची यादी तिथल्या तिथे एक्सेलमध्ये करायला घेतली.

नव्या मुलांचे नंबर चार आकडी, सरळ उतरले. काकांचा नंबर ००३८. मी टाइप केला, एंटर मारला. राहिला ३८.

"माझी शून्यं?" काकांनी विचारलं.

मी पुन्हा टाइप केला. पुन्हा ३८. एक्सेलचं म्हणणं असं, की हा आकडा आहे, आणि आकड्याच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते. गणित म्हणून खरं आहे. पण चौतीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला हे तोंडावर कसं सांगायचं? "असू द्या," काका म्हणाले, "बढती नाही तर नाही, पण होती ती दोन शून्यं राहिली असती तर बरं झालं असतं." शेवटी मागच्या बाकावरून उपाय आला : आधी एक वरचा स्वल्पविराम द्यायचा, म्हणजे एक्सेल ते आकडा न समजता मजकूर समजतं. काकांची शून्यं परत आली. त्यांनी वहीत टिपून घेतलं.

मग तुकड्या पाडल्या. एका चौकटीत मी ३-४ लिहिलं, म्हणजे तिसरी आणि चौथी तुकडी. एंटर मारताच तिथे ३ एप्रिल अवतरला. मी चिडून चौकटीचा प्रकार 'जनरल' केला, तर ४५७५० असा आकडा आला. वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मी तुकडीकडे. त्यामागचा हिशेब मी रात्री शोधला. एक्सेल तारीख म्हणून काही ठेवतच नाही, दिवस मोजतं. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, आणि ३ एप्रिल २०२५ हा पंचेचाळीस हजार सातशे पन्नासावा. हा ताप माझ्या एकट्याचा नाही. माणसाच्या जनुकांमध्ये काही 'मार्च वन', 'सेप्ट वन' अशा नावांची होती. शास्त्रज्ञ ती एक्सेलमध्ये भरायचे आणि एक्सेल त्यांची मार्चची नि सप्टेंबरची पहिली तारीख करून ठेवायचं. अखेर २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीने माघार घेतली आणि जनुकांचीच नावं बदलली. जिथे जनुकांनी हात टेकले तिथे माझ्या तुकडीची काय कथा!

त्याहून मला आवडली ती साठाव्या दिवसाची भानगड. एक्सेलच्या हिशेबात साठावा दिवस म्हणजे २९ फेब्रुवारी १९००. आता १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे हा दिवस कधी उगवलेलाच नाही. पण एक्सेलच्या आधी बाजारात लोटस १-२-३ या तक्त्यांच्याच सॉफ्टवेअरचं राज्य होतं आणि त्यात ही चूक होती. लोटसच्या फाइली एक्सेलमध्ये नीट उघडाव्यात म्हणून चूकही जशीच्या तशी उचलली. ती अजून आहे. आधीच्या माणसाची चूक नव्या माणसाने 'पूर्वीपासून असंच चालत आलंय' म्हणून पुढे चालवायची, यापेक्षा जास्त ऑफिसपण कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये असणार?

पॉवरपॉइंट मी शेवटी ठेवलं होतं, कारण तिथे मी मेहनत घेतली होती. चौदा स्लाइडी आणि प्रत्येक स्लाइडखाली माझ्यापुरत्या सूचना. फोरथॉट नावाच्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते तयार केलं, सुरुवातीला प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक कागदांसाठी. ते बाजारात आलं १९८७ साली, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला घेतली. एवढं बोलून मी एफ फाइव्ह दाबलं. माझ्या लॅपटॉपवर पहिली स्लाइड आली, झकास. मी बोलत सुटलो. तिसऱ्या स्लाइडला मुलं हसायला लागली. तिथे हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी मागे वळून पाहिलं.

या सॉफ्टवेअरमध्ये वक्त्याचा पडदा वेगळा असतो. त्यावर घड्याळ, पुढची स्लाइड आणि आपल्या सूचना दिसतात; श्रोत्यांना फक्त स्लाइड. क्वचित या दोन पडद्यांची अदलाबदल होते. भिंतीवर चार फुटी अक्षरांत लिहिलेलं होतं :

'इथे थांबून सगळ्यांकडे बघणे. विनोद (फ्लॉपीचा). हसले नाहीत तर लगेच पुढे जाणे. काकांनी काही विचारलं तर "फार चांगला प्रश्न" म्हणून पाणी पिणे.'

काकांनी हात वर केला.

"विचारा," मी म्हणालो.

"काही नाही," काका म्हणाले, "बाटली इकडे राहिलीय तुमची." आणि त्यांनी ती पुढे सरकवली.

ईमेलला दहा मिनिटं उरली होती. 'रिप्लाय ऑल' हे बटण वीज वाहिन्यांच्या खांबासारखं लांबून बघावं, आणि 'सोबत जोडले आहे' असं लिहायच्या आधी ते जोडावं, एवढंच सांगून आटोपणार होतो. पण सीसी म्हणजे कार्बन कॉपी, असं मी म्हटलं मात्र, काका खुलले. एका वेळी पाच-सहा कागद यंत्रात घालायचे, मध्ये कार्बन. पहिली प्रत ठसठशीत, शेवटची नुसती निळसर धूळ. "ज्याला कळवायचं तर आहे पण कळू द्यायचं नाही," काका म्हणाले, "त्याला आम्ही शेवटची प्रत द्यायचो." मुलांनी दोन तासांत पहिल्यांदा काहीतरी लिहून घेतलं.

सर्टिफिकेटांसाठी मेल मर्ज वापरायचं मी आधीच ठरवलं होतं. मजकूर वर्डमध्ये एकदाच लिहायचा. नावं आणि नंबर एक्सेलच्या यादीतून एकेका प्रतीवर आपोआप येऊन बसतात. त्यासाठी नावाच्या जागी 'नाव' हा रकाना आणि नंबरच्या जागी 'नंबर' हा रकाना घालायचा असतो. नंबरचा मी घातला. नावाच्या जागी, अक्षरं कशी दिसतात ते बघायला, आदल्या दिवशी माझं नाव टाइप केलं होतं.

साहेब सही करताना कागदाचा तळ बघतात, माथा नाही. बावीस प्रती छापून, सह्या होऊन, शिक्के बसून संध्याकाळी वाटल्या गेल्या. 'यांनी ऑफिस सॉफ्टवेअरची प्राथमिक ओळख हे प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केले,' आणि वर बावीसच्या बावीस वेळा माझं नाव. मुलांनी काही न बोलता एकेक करून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

काका सगळ्यांत शेवटी आले. आपली प्रत त्यांनी गठ्ठ्यावर ठेवली, सरळ केली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"नाव तुमचं आलंय," ते म्हणाले, "पण नंबर बघा. ००३८. दोन्ही आहेत."