पॅलेस्टाईनमध्ये चर्चचं काम: जाहीरनाम्याइतकाच जमिनीचा कागद महत्त्वाचा

पॅलेस्टाईनबद्दल कळकळ असलेल्या प्रत्येक चर्च-मंडळीने क्रेमिझान खोऱ्याचा खटला समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. बेथलेहेमला लागून बेत जाला हे गाव आहे. त्याच्या उतारावर ऑलिव्ह आणि द्राक्षांचे मळे, सालेशियन या कॅथलिक संघाच्या फादरांचा मठ, सिस्टरांचं कॉन्व्हेंट आणि शाळा. इस्रायलने व्यापलेल्या वेस्ट बँकेत उभी राहणारी भिंत इथून जाणार ठरल्यावर 58 ख्रिस्ती कुटुंबं आणि कॉन्व्हेंट कोर्टात गेले. सिस्टरांची बाजू मांडली सेंट इव्ह या कॅथलिक कायदेशीर मदत संस्थेने. ही संस्था 1991 मध्ये जेरुसलेमचे तेव्हाचे लॅटिन पॅट्रिआर्क, म्हणजे तिथल्या कॅथलिकांचे धर्मप्रमुख, मिशेल सब्बाह यांनी सुरू केलेली. बाहेर दर शुक्रवारी ऑलिव्हच्या झाडांखाली मिस्सा होत असे. एप्रिल 2015 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरलेला मार्ग नामंजूर केला आणि सगळीकडे आनंद झाला. पण जुलैमध्ये त्याच कोर्टाने खुलासा केला की ही मनाई मठ आणि कॉन्व्हेंटच्या जमिनीपुरतीच आहे. ऑगस्टमध्ये बुलडोझर आले आणि कुटुंबांची जुनी झाडं उपटली गेली.

मठ-कॉन्व्हेंटला जगभर ओळख होती, शेतकऱ्याला नव्हती. माझ्या मते चर्चने यातून हे शिकायला हवं की स्वतःची मालमत्ता वाचली म्हणजे न्याय मिळाला असं नाही.

चर्चचं पहिलं काम जमिनीचं. ती तिथे जाते कशी, हे आपल्याकडच्या सातबारा माहीत असलेल्या माणसाला लगेच कळेल. 1858 च्या उस्मानी जमीन कायद्यानुसार एका प्रकारची जमीन सलग तीन वर्षं पडीक राहिली तर ती सरकारकडे जाऊ शकते. त्याच कायद्याचा आधार घेत इस्रायल वेस्ट बँकेतल्या जमिनी 'सरकारी' ठरवतं. त्यामुळे तिथे झाड लावणं म्हणजे पुरावा तयार करणं. बेथलेहेमच्या नैर्ऋत्येला नस्सार या ख्रिस्ती कुटुंबाचं 'टेंट ऑफ नेशन्स' हे शेत आहे. आजोबांनी 1916 मध्ये घेतलेली ही जमीन, कागदपत्रं सगळी जपलेली. तरीही 1991 पासून खटला चालूच आहे, आणि मे 2014 मध्ये लष्कराने शेकडो फळझाडं उखडून टाकली. परदेशी मंडळ्या इथे स्वयंसेवक पाठवतात, रोपांचा आणि वकिलांचा खर्च उचलतात. माझ्या लेखी हा खर्च कुठल्याही परिषदेच्या खर्चापेक्षा मोलाचा आहे.

दुसरं काम हजेरीचं. जेरुसलेममधल्या चर्चप्रमुखांच्या विनंतीवरून जागतिक चर्च परिषदेने 2002 मध्ये पॅलेस्टिनी लोकांच्या सोबतीचा कार्यक्रम सुरू केला. वेगवेगळ्या देशांतली माणसं साधारण तीन महिने तिथे राहतात. पहाटे चारच्या सुमारास बेथलेहेमच्या चेकपॉइंट 300 वर उभं राहायचं, किती मजूर पार झाले, तपासणीच्या किती खिडक्या उघड्या होत्या, म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची रांग चालू होती का, हे लिहून ठेवायचं. मुलांना शाळेपर्यंत सोबत करायची. भिंतीतली शेताकडे जाणारी फाटकं ठरल्या वेळी उघडतात का ते पाहायचं. परतल्यावर आपल्या मंडळीत आणि खासदारासमोर हेच आकडे ठेवायचे. अडचणीही खऱ्या आहेत. जानेवारी 2019 मध्ये हेब्रॉनमधल्या सोबत्यांना त्रास आणि धमक्यांमुळे तिथून हलवावं लागलं. त्याआधी, डिसेंबर 2016 मध्ये, परिषदेच्या सहायक सरचिटणीस इझाबेल फिरी यांना बेन गुरियन विमानतळावरूनच परत पाठवलं होतं.

तिसरं काम पैशाचं, आणि इथे घाई चालत नाही. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चने 2004 मध्ये सुरुवात केली. आधी पॅलेस्टिनी भागावरच्या इस्रायली ताब्यातून कमावणाऱ्या कंपन्यांना पत्रं, मग बैठका, मग भागधारक म्हणून ठराव, आणि हे सगळं फसल्यावरच शेअर विकायचे. 2012 मध्ये प्रस्ताव 333 विरुद्ध 331 असा पडला. 2014 मध्ये 310 विरुद्ध 303 मतांनी मंजूर झाला आणि कॅटरपिलर, ह्यूलेट-पॅकार्ड, मोटोरोला सोल्यूशन्स यांच्यातले सुमारे 2.1 कोटी डॉलरचे शेअर काढायचं ठरलं. एवढ्या रकमेने कॅटरपिलरसारख्या कंपनीचं काही अडत नाही, हे खरंच आहे. पण दहा वर्षं सभासदांसमोर आपल्या चर्चचा पैसा कुठे जातो हा प्रश्न राहिला.

यावर दोन आक्षेप येतात, आणि ते झटकून टाकणं मला पटत नाही. ज्यूंच्या छळाचा शतकानुशतकांचा डाग चर्चवर आहे, त्यामुळे प्रत्येक शब्द ज्यू माणूस आणि इस्रायली सरकार यांत फरक करूनच लिहायला हवा. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने इस्रायलमध्ये केलेल्या हत्याकांडाचा निषेध आणि गाझासाठीचा आक्रोश एकाच तोंडून निघाला पाहिजे. हमासने ओलीस धरलेल्या मुलांच्या बदल्यात स्वतःला द्यायची तयारी दाखवणाऱ्या जेरुसलेमच्या कार्डिनल पिझ्झाबाल्ला यांनी ते केलं. दुसरा आक्षेप घरचाच आहे. जेरुसलेमच्या जाफा गेटजवळची हॉटेलं ग्रीक ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्केटच्या व्यवहारातून 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने ज्यू वस्त्या वसवणाऱ्या गटाच्या कंपन्यांकडे गेली. त्या वादात 2005 मध्ये पॅट्रिआर्क इरेनिओस यांना पदावरून हटवण्यात आलं. जमिनीचा न्याय मागणाऱ्या चर्चने आपले भाडेपट्टे आधी उघड करावेत.

वसई, मुंबई, गोव्यातून पवित्र भूमीला जाणाऱ्यांसाठी एक सांगणं. परिस्थिती प्रवासाजोगी असेल तेव्हाचंच हे. ठराविक सहलीत बेथलेहेमच्या वाट्याला काही तास येतात: जन्मस्थानाचं चर्च, एक दुकान, आणि रात्री मुक्काम दुसरीकडे. 2017 च्या जनगणनेनुसार वेस्ट बँक आणि गाझा मिळून ख्रिस्ती उरले होते सुमारे 47 हजार, आणि बेथलेहेम भागातल्या कित्येक घरांची चूल यात्रेकरूंवर चालते. बुकिंग करतानाच टूरवाल्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: बेथलेहेम किंवा शेजारच्या बेत साहूरमध्ये निदान दोन रात्री, पॅलेस्टिनी गाइड, आणि रविवारची उपासना तिथल्या मंडळीसोबत. ऑलिव्हच्या लाकडाच्या वस्तू मोठ्या शोरूमऐवजी कारागिराच्या कारखान्यातून घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जात असाल तर बेत साहूरच्या वायएमसीएकडे ऑलिव्ह तोडणीची चौकशी करा. त्या दिवसांत बागेत परदेशी माणसं असली की शेतकऱ्याला आपल्याच झाडापर्यंत जायला थोडा धीर येतो.