सातवा डबा

साफसफाईत इंदूरकराला कोणी शिकवायला जाऊ नये. २०१७ पासून सलग सात वेळा आपण देशात पहिले आलो. (सातव्या वेळी सुरतबरोबर विभागून, पण हे पाहुण्यांना सांगायची गरज नाही.) आठव्या वेळी तर आपल्याला उचलून वेगळ्या लीगमध्येच बसवलं, हुशार मुलाला वर्गाचा मॉनिटर करतात तसं. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरातला घातक, असे सहा प्रकार आपल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. तेव्हा हा मान टिकवायचा असेल तर माझं ऐका आणि सातवा डबा आत्ताच आणून ठेवा. किरणोत्सर्गी कचऱ्याचा.

‘आपल्या गावात कुठे आलीय अणुभट्टी?’ असं म्हणू नका. दिल्लीच्या मायापुरीत तरी कुठे होती? २०१० मध्ये विद्यापीठाने एक जुनं यंत्र लिलावात काढलं, ते भंगारात पोचलं, फोडल्यावर आतून कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू निघाला आणि एक माणूस जिवानिशी गेला. आपल्या माळ्यावर काय काय पडलंय, तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

सगळ्यात आधी नाक आणि डोळे बाजूला ठेवा. आपली सगळी स्वच्छता या दोघांच्या भरवशावर चालते आणि इथे दोघेही बिनकामाचे. अणुभट्टी फुटली की सगळीकडे उडून बसणारं किरणोत्सर्गी सीझियम घ्या: त्याला वास येत नाही, त्यावर माश्या बसत नाहीत, फोटो काढून ग्रुपवर टाकावा तर फोटोत फक्त स्वच्छ अंगण दिसतं. किरणं मोजणारं मीटर घ्या. मीटर टकटकायला लागलं की धुवायला सुरुवात करा.

धुवायचं कसं, ते आमच्या आत्याकडून शिका. लोकमान्य नगरात राहते. सकाळी सहाला दोन बादल्या पाणी आणि खराटा घेऊन ओटा धुवायला बसते, म्हणजे उभी राहते. कोपऱ्यातून पाणी ओढत पायरीपर्यंत, पायरीवरून फाटकापर्यंत आणि फाटकाखालून एका फटक्यात शेजारच्या काकूंच्या दारात. काकू सातला उठतात. त्या तेच पाणी, आता जरा मळकं झालेलं, पुढच्या दाराकडे लोटतात. दहाच्या सुमारास सगळ्या गल्लीचा राडा कोपऱ्यावरच्या वैनींच्या दारात गोळा होतो आणि वैनी गॅलरीतून सगळ्यांचा उद्धार करतात. आत्या म्हणते, ‘बोलू दे. माझा ओटा आरशासारखा आहे की नाही?’

आहेच. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्या वितळल्यावर जपानने तिथे जे केलं, ते याच पद्धतीने. फक्त खराट्याऐवजी जोरदार पाण्याचे पंप होते. छपरं धुतली, रस्ते धुतले. मग मीटर नेऊन बघितलं तर छपरावर आकडा थोडा उतरलेला आणि पन्हळीच्या तोंडाशी, जिथे पाणी पडतं तिथे, चढलेला. सीझियम पाण्याने मरत नाही, नुसतं वाहतं. काँक्रीटच्या भेगेत, डांबरात किंवा चिकणमातीच्या कणांत एकदा जाऊन बसलं की मग वाहतही नाही. काही ठेकेदारांची माणसं धुतलेलं पाणी आणि पालापाचोळा सरळ नदीत सोडताना सापडली, तेव्हा २०१३ मध्ये तिथे मोठा बोभाटा झाला. आपल्या कान्ह नदीचा अनुभव पाहता आपल्याला यात नवीन काही शिकावं लागणार नाही.

धुऊन जमलं नाही तर खरवडा. वरची पाच सेंटिमीटर माती काढायची, तीन बोटं म्हणा. शेतातली हीच माती सगळ्यात कसदार असते. तिथल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घालून कमावलेली माती गेली आणि बदल्यात डोंगरातली मुरमाड भर मिळाली. काढलेली माती काळ्या पिशव्यांत भरायची. एका पिशवीत साधारण एक घनमीटर. अशी सगळी मिळून सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती आणि कचरा जमला. पिशव्या शेतात, शाळेमागे, रस्त्याकडेला रचून ठेवल्या. काही पिशव्या फोडून आतलं गवत वर आलं. २०१९ च्या चक्रीवादळात काही पिशव्या पुरात वाहून गेल्या, बहुधा कोपऱ्यावरच्या वैनींकडे.

जंगलाच्या वाटेला जाऊ नका. फुकुशिमा प्रांताचा जवळजवळ सत्तर टक्के भाग जंगल आहे. घरापासून वीस मीटरपर्यंतचं साफ केलं आणि बाकीच्याला नमस्कार केला. पाऊस पडला की डोंगर आपल्याकडचं थोडं थोडं खाली पाठवतो. मग खालचं पुन्हा खरवडायचं. नवरा-बायकोच्या भांडणासारखं हे संपवायचं नसतं, चालू ठेवायचं असतं. युक्रेनमधल्या चेर्नोबिलला अणुभट्टी फुटली तेव्हा यापेक्षा धडाक्यात काम झालं. अपघातानंतर लाल पडून मेलेलं पाइनचं अख्खं जंगल बुलडोझरने पाडून खंदकांत पुरलं. कोपाची नावाच्या गावातली घरंही तशीच गाडली. वर पुन्हा झाडं आली आणि त्यांच्या मुळांनी पुरलेलं हळूहळू वर काढायला घेतलं.

आता माणसांचं. गच्चीवर फार जास्त असेल तर यंत्र पाठवा, यंत्र बंद पडलं तर माणूस पाठवा. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या छपरावर असंच झालं. यंत्रमानवांची डोकी किरणांनी कामातून गेली. मग जवान पोरांना शिशाचे पत्रे अंगाला बांधून वर सोडलं. पळत जायचं, भट्टीतून उडालेलं ग्राफाइट फावडंभर उचलायचं, कडेवरून भट्टीच्या भगदाडात टाकायचं आणि पळत यायचं. दीड-दोन मिनिटांचं काम, जन्मभराचा डोस. कचरा छपरावरून निघून जिथून उडाला होता तिथेच परत गेला. त्यावर झाकण घातलं. झाकण गळायला लागलं म्हणून २०१६ मध्ये त्यावर शंभर वर्षं टिकेल असं मोठं झाकण सरकवलं. त्याला २०२५ च्या फेब्रुवारीत ड्रोनने भोक पाडलं.

हे सगळं परवडणारं नसेल तर एक स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे: मोजपट्टी बदला. अंगात किती किरणं गेली ते मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात; सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही नेहमीची मर्यादा. लोकांना घरी परत पाठवायच्या वेळी जपान सरकारने २० ची रेघ मारली. एका रेघेत गावंच्या गावं राहण्याजोगी झाली, एक पाटी माती न उचलता. शाळेच्या मैदानांनाही हाच आकडा लावला, तेव्हा सरकारचा एक सल्लागार प्राध्यापक पत्रकारांसमोर रडला आणि राजीनामा देऊन मोकळा झाला. असल्या हळव्या लोकांना समितीवर घेऊ नका.

आणि भट्टीच्या गाभ्यातल्या इंधनाची घाई नको. फुकुशिमाच्या तीन भट्ट्यांत वितळून गोठलेला सुमारे ८८० टन ऐवज पडून आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे साडेतेरा वर्षांनी, लांबलचक नळीच्या गळाने त्यातला पहिला तुकडा बाहेर आला. वजन ०.७ ग्रॅम. छप्पन दुकानावर पोह्यांवर जिरावण भुरभुरतात ना भिया, ते तरी याहून जास्त असतं.

राहता राहिला प्रश्न डबा ठेवायचा कुठे. यात आपला अनुभव ताजा आहे. भोपाळच्या वायुगळतीच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा चाळीस वर्षं तिथेच होता. ‘हलवा, हलवा’ असं सगळेच म्हणत होते. २०२५ च्या जानेवारीत तो हलवून आपल्या शेजारी पिथमपूरला आणला, तेव्हा ‘इथे नको’ म्हणून लोक रस्त्यावर उतरले. तो रासायनिक होता, निदान जाळता तरी आला, राखेचं काय हा प्रश्न उरलाच. सीझियम जाळलं तर ते राखेत आणखी दाटून बसतं. जपानने कायदाच केला आहे की फुकुशिमाची माती २०४५ पर्यंत प्रांताबाहेर नेऊन कायमची ठेवायची. बाहेर म्हणजे कुठे, ती जागा कायद्यात रिकामी आहे.

सीझियम-१३७ तीस वर्षांनी निम्मं होतं. हजारातला एक भाग उरायला तीनशे वर्षं. म्हणजे अहिल्याबाईंच्या जन्माच्या वर्षी, १७२५ मध्ये, कोणी डबा भरून ठेवला असता, तर तो आत्ता कुठे उघडून बघण्यासारखा झाला असता. मध्ये होळकर आले, इंग्रज आले, गेले, राजवाडा जळाला आणि पुन्हा बांधला. डब्याजवळ मात्र कोणीतरी रोज बसायला हवं होतं.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. तिने खराटा भिंतीला टेकवला आणि विचार केला.

‘तीनशे वर्षं म्हणतोस? मग ठेव बापडा. पण आपल्या जिन्याखाली नको, तिथे सायकल असते.’

‘मग कुठे?’

तिने हनुवटीने कोपऱ्याकडे दाखवलं आणि दुसरी बादली उचलली.